२००६ साली आमच्या गल्लीत आलेला चिकनगुनिया नेमका कुठला?

शहापूरचा बापू (धागाकर्ता)

परवा माळा आवरताना २००६ सालची एक वही सापडली. तेव्हा मी बेळगावात एका खासगी लॅबमध्ये रक्त ओढायचं काम करायचो. मालकाचं रजिस्टर वेगळं होतं, ही माझी स्वतःची. नावं नाहीत. वय, गाव, ताप आल्याचा दिवस आणि शेरा, एवढंच. शेरे वाचून हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. "मूठ वळत नाही." "वाकून चालतो." "जिना चढवेना, खाली रिक्षात जाऊन रक्त घेतलं." "वडगावचा विणकर, पाय मागाच्या खड्ड्यात सोडता येईनात." एका दिवसाच्या पानावर तर नुसतं लिहिलंय, "मी पण."

मला झाला तो आठवडा आईने माझ्या शर्टाची बटणं लावली. वय वर्षं सव्वीस!

हे सगळं लिहिण्याचं कारण वहीतली एक नोंद. वय ४१, शहापूर (बेळगावातलाच आमचा भाग), ताप तीन दिवस. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात: "खरं गाव चंदगड तालुका. पत्ता मेव्हण्याचा." माणूस चांगला आठवतोय. चंदगड पडलं महाराष्ट्रात, आणि दुसऱ्या राज्यातला म्हटल्यावर आपल्याला कुणी विचारणार नाही अशी त्याची समजूत होती. त्याने सांगितलं शहापूर, मी फॉर्मवर लिहिलं शहापूर. म्हणजे हिशेबात तो ताप आमच्या गल्लीचा झाला. चूक माझीच, पेन्सिलीने लिहिलेलं कोण वाचणार?

तर प्रश्न असा. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, "हा नवा नाही, बार्शीला आला होता तोच परत आला." खरंच तोच होता का? आणि असला ताप कुठून कुठे गेला हे शास्त्रज्ञ ठरवतात कसं? माझ्यासारख्यांनी लिहिलेल्या पत्त्यांवरून ठरवत असतील तर अवघड आहे.

डासोपंत

पहिला नंबर माझा!

२००६ ची आमच्या घरातली आठवण म्हणजे आजीने वर्षभर कोंबडी शिजवू दिली नाही. फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, पाठोपाठ हा "चिकन"गुनिया. आजीच्या दृष्टीने पुरावा भक्कम. डास चावतोय हे सांगून सांगून थकलो. ती म्हणायची, "डास काय आज चावायलेत व्हय?"

गोळीवाला

आजीचा मुद्दा बिनतोड आहे.

नाव मात्र कोंबडीवरून नाही. टांझानियाच्या दक्षिणेला माकोंडे पठार आहे, तिथल्या माकोंडे भाषेतला शब्द आहे. अर्थ साधारण "जो वाकवून टाकतो." १९५२-५३ मध्ये तिथे साथ आली तेव्हा रोग पहिल्यांदा नीट ओळखला गेला. बापूंच्या वहीतला "वाकून चालतो" हा शेरा म्हणजे भाषांतरच झालं की.

त्या साली निपाणीत आमच्या दुकानात पॅरासिटामॉलचा खोका सकाळी फोडला की दुपारी रिकामा. लोक गोळी मागताना हात पुढे करायचे, पण बोटं उघडायची नाहीत. सुटे पैसे मी त्यांच्या खिशात घालायचो.

बार्शीकर

बार्शीचं नाव निघालं म्हणून लिहितो. १९७३ ची साथ माझ्या जन्माआधीची, पण वडील सांगायचे. बाजारपेठेत हमाल मिळेना, कारण पोतं उचलायला वाकेल तो परत सरळ होत नसे. घरटी एक-दोन माणसं आडवी. नंतर ताप जसा आला तसा गेला आणि तीस वर्षं कुणी नाव काढलं नाही. त्यामुळे २००६ ला वडील अगदी अधिकाराने म्हणाले होते, "आला परत."

कृष्णाकाठ

बापू, बार्शीकर, दोघांनाही उत्तर देतो. थोडं लांबेल. मी मूळचा चिकोडी तालुक्यातला, आता बाहेरगावी विषाणूंच्याच कामात आहे.

"आला परत" हे अर्धंच खरं. रोग परत आला, विषाणू तोच नव्हता.

चिकनगुनियाचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या डबीत ठेवलेली आरएनएची एक लांब ओळ. साधारण ११,८०० अक्षरं, आणि अक्षरं फक्त चारच. पेशीत शिरला की तो या ओळीच्या नकला काढतो. नकलून काढणारं त्याचं यंत्र घाईचं आहे, लिहिलेलं परत वाचून बघत नाही. चुका राहतात. बहुतेक चुका त्या नकलेलाच बुडवतात. काही निरुपद्रवी असतात, त्या पुढच्या पिढीत तशाच जातात. वर्षाला साधारण पाच-सहा अक्षरं अशी कायमची बदलतात असा अंदाज आहे.

आता आपल्याकडच्या भजनी मंडळाची वही घ्या. येळ्ळूरच्या बुवांच्या वहीवरून कुणी नक्कल केली आणि "घन"च्या जागी "धन" लिहिलं. त्या वहीवरून ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतलं त्या सगळ्यांचं "धन" झालं. उचगावात "धन" म्हणणारी वही सापडली आणि हिंडलग्यातही सापडली, तर दोन्ही एकाच घराण्यातल्या हे कळायला बुवांना विचारावं लागत नाही. त्यात उचगावच्या वहीत आणखी एक वेगळी चूक असेल तर ती नंतरची. चुका जुळवत गेलं की वह्यांची वंशावळ तयार होते. विषाणूचं झाड असंच काढतात. चुकांची गती माहीत असेल तर फांदी कधी फुटली याचाही अदमास येतो.

१९६३ ची कोलकात्याची साथ, १९६४ ची मद्रासची, १९७३ ची बार्शीची, या नमुन्यांची अक्षरं जुळवली तर ते "एशियन" घराण्यातले निघतात. २००५-०६ चे आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रातले नमुने जुळवले तर ते आफ्रिकेच्या पूर्व-मध्य-दक्षिण भागातल्या घराण्यातले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने आणि तिच्या बेंगळुरूच्या शाखेने हे २००६-०७ मध्येच दाखवलं. आडनाव एकच, कुळं दोन. बार्शीचा विषाणू तीस वर्षं कुठल्या तरी विहिरीत दडून बसला आणि बाहेर आला, असं झालेलं नाही.

डासोपंत

म्हणजे आमच्या आजोबांच्या वडिलांना चावला तो वेगळा पाहुणा आणि मला चावला तो वेगळा.

बार्शीकर

वडील असते तर वाद घातला असता. पण वहीचं उदाहरण पटलं.

एक शंका. आफ्रिकेतून थेट इथे? मधे कुठे थांबला नाही?

कृष्णाकाठ

थांबला, आणि ती गोष्ट मला सगळ्यात आवडते. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर लामू नावाच्या बेटावर साथ आली. नंतर रक्त तपासलं तर चारांतल्या तीन माणसांना होऊन गेला होता. तिथून मोंबासा. मग २००५ मध्ये कोमोरोस, मॉरिशस, रियुनियन ही हिंदी महासागरातली बेटं. भारतातली फांदी या बेटांच्या फांदीतून फुटलेली दिसत नाही. दोन्ही केनियाच्या किनाऱ्याजवळच्या बुंध्यातून वेगवेगळ्या निघाल्या असं झाड सांगतं.

आता गंमत बघा. लामूला त्या साली पाऊस जास्त झाला नव्हता, उलट दुष्काळ होता. विहिरी आटल्या म्हणून लोकांनी घराघरात पाणी भरून ठेवलं आणि ते लवकर बदललं नाही. एडिस इजिप्ती डासाला गटार लागत नाही, नदी लागत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं, कुणी न हलवलेलं पाणी लागतं.

आपल्याकडे २००६ ला काय होतं आठवा.

शहापूरचा बापू

आठवायचं काय त्यात? नळ आठवड्यातून दोनदा आला तर नशीब. राकसकोप आटत आलं की तेवढंही नाही. अंगणात सिमेंटचा हौद, मोरीत तांब्याचा बंब, मागच्या दारात दोनशे लिटरचे दोन निळे प्लास्टिकचे बॅरल. पाणी संपवायचं नाही, वरून वरून घ्यायचं, तळ कधी दिसायचा नाही. नंतर काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. माझी बहीण त्या भागात राहते, तरी तिने बॅरल टाकला नाही. "उद्या गेलं म्हणजे?"

हे वाचून मी काल आमचा बॅरल रिकामा केला. पाण्याच्या रेषेच्या वर आतल्या बाजूला हात फिरवला तर काळे कण लागले, खसखशीपेक्षा बारीक. नुसतं पाणी ओतून जात नाहीत, नारळाच्या शेंडीने घासावे लागले.

मलप्रभा

बापू, तीच अंडी. कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी वर चढलं की फुटतात. मी हेच सांगत दारोदार फिरते. खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडे कन्नडमध्ये डासाला सोळ्ळे म्हणतात. "सोळ्ळे बघायला आलेय" म्हटलं की कन्नड घरात आत घेतात, मराठी घरात पोरं हसतात. आता घर बघून शब्द बदलते.

धुराची गाडी आली की लोक खूश. पण हा डास दिवसा चावणारा, घरात कपड्यांच्या मागं, पलंगाखाली बसणारा. रस्त्यावरचा धूर तिथवर पोचतो कुठं? हौदात गप्पी मासे सोडा म्हटलं तर म्हणतात, देवाच्या पूजेचं पाणी हाय, मासे कसे चालतील?

टिळकवाडीचा भाडेकरू

सगळं छान. पण एक रोखठोक विचारू? ही वंशावळ कळून सामान्य माणसाला काय मिळतं? औषध नाहीच. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, पडून राहा. विषाणू आशियाचा असो की आफ्रिकेचा, गुडघा तितकाच दुखतो. कोट्यवधीची यंत्रं घेऊन झाडं काढण्यापेक्षा तेवढ्यात हौदांना झाकणं आली असती.

कृष्णाकाठ

प्रश्न बरोबर आहे आणि झाकणांबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. तरी एक उदाहरण देतो.

डासांच्या दोन जाती यात येतात. एडिस इजिप्ती, म्हणजे वर बापूंच्या बॅरलमधला. दुसरा एडिस अल्बोपिक्टस, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ. हा झाडीतला. बागा, बांबूची बेचकी, रबराच्या चिकाच्या वाट्या, करवंट्या, असल्या ठिकाणी पैदास. चिकनगुनिया इजिप्तीला चांगला सरावलेला होता, अल्बोपिक्टसमध्ये तितका रमत नसे.

रियुनियन बेटावर इजिप्ती फारसा नाहीच, अल्बोपिक्टस भरपूर. २००५ मध्ये सुरुवातीला तिथे साथ धिमी होती. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मग विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं ई१ नावाचं प्रथिन, त्यातला २२६ वा मणी बदलला. ॲलॅनिन होतं तिथे व्हॅलिन आलं. आरएनएच्या भाषेत एक सी जाऊन यू आला, बस. अकरा हजार आठशेत एक अक्षर. त्या एका अक्षराने विषाणू अल्बोपिक्टसच्या पोटात कितीतरी सहज रुजायला लागला. २००६ संपेपर्यंत बेटावरची एक तृतीयांश माणसं आजारी पडली होती.

आता भारत. २००६ च्या आपल्याकडच्या नमुन्यांत हा बदल नव्हता. शहरं, कोरडा मुलूख, बॅरल, इजिप्ती. त्याला बदलायची गरजच नव्हती. तशातही त्या साली देशात १३ लाख ९० हजारांच्या आसपास संशयित रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले साडेसात लाखांच्या वर एकट्या कर्नाटकातले. महाराष्ट्र दुसरा, अडीच लाखांच्या वर. २००७ मध्ये केरळात साथ आली ती रबराच्या मळ्यांच्या मुलखात, आणि तिथल्या नमुन्यांत तोच २२६ चा बदल सापडला. २००८ मध्ये कर्नाटकाच्या किनारपट्टीवर.

म्हणजे एका अक्षरावरून कळतं की आता हौदांवर झाकणं घालून भागणार नाही, बागेतल्या करवंट्या आणि चिकाच्या वाट्याही उपड्या कराव्या लागतील. कुठल्या डासामागे माणसं पाठवायची ते यावरून ठरतं. ताप बघून हे कळलं नसतं, ताप सगळीकडे सारखाच.

बार्शीकर

थांबा. भजनी वहीच्या हिशेबाने रियुनियन आणि केरळ दोघांकडे एकच चूक, म्हणजे केरळची वही रियुनियनवरून उतरवलेली. हो ना?

कृष्णाकाठ

वाटच बघत होतो, हे कोण विचारतंय म्हणून!

नाही. बाकीची अक्षरं जुळवली तर केरळचे नमुने भारतातल्या फांदीवर बसतात, रियुनियनच्या नाही. तोच बदल दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला. वहीचंच उदाहरण ताणतो. अभंगात एखादा शब्द असतो, चालीत म्हणताना जीभ अडखळते. येळ्ळूरच्या बुवांनी तो सोपा करून टाकला. तिकडे खानापूरच्या बुवांनी, यांची वही कधी न बघता, तोच शब्द तसाच सोपा केला. कारण चाल एकच आणि अडखळण्याची जागाही एकच. अल्बोपिक्टस ही ती चाल. म्हणून एकाच चुकीवरून नातं जोडायचं नसतं, सगळी वही वाचावी लागते.

याला आणखी एक पदर आहे. जुनं एशियन घराणं आशियात कित्येक दशकं फिरलं. इथे अल्बोपिक्टसची काय कमी? त्याने हा बदल का नाही केला? तर त्याच ई१ प्रथिनात ९८ व्या जागी त्या घराण्याचा मणी वेगळा आहे. तो तसा असेल तर २२६ ला व्हॅलिन आणूनही काही फायदा होत नाही. एक गाठ आधीच अशी बसलेली की दुसरी सोडवून उपयोग नाही. बार्शीचा विषाणू आणि २००६ चा विषाणू यांत फरक काय, याचं मला सगळ्यात ठसठशीत वाटणारं उत्तर हे. एकापुढे ती वाट बंद होती, दुसऱ्यापुढे उघडी.

गोळीवाला

हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं. दोनदा वाचलं.

टिळकवाडीचा भाडेकरू

बरं, यंत्राचे पैसे माफ. झाकणांचे नाही.

सीमावासी

हे सगळं बेळगाव महाराष्ट्रात असतं तर झालंच नसतं. नमुने थेट पुण्याला गेले असते. पण आमचं दुर्दैव

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, कृपया तिथे लिहावे. संपादक मंडळ)*

डासोपंत

विषाणूला महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांची यादी कुणी दिलेली नाही, सीमावासी. तो कोगनोळी नाक्यावर थांबत नाही, टोलही भरत नाही.

शहापूरचा बापू

सीमावासींचा सूर सोडा, पण त्यात एक कण आहे. आमच्या शिनोळी फाट्यावर रस्त्याची एक बाजू कर्नाटक, जरा पुढे गेलं की महाराष्ट्र. लोक तिकडून इकडे कामाला येतात, इकडून तिकडे लग्नाला जातात. तिकडच्या आजाऱ्याचा कागद कोल्हापूर-पुण्याच्या वाटेने जाणार, इकडच्याचा बेळगाव-बेंगळुरूच्या वाटेने. एकाच वऱ्हाडातल्या दोघांना ताप आला तरी दोन राज्यांत दोन नोंदी. माझ्या पेन्सिलीच्या नोंदीचं दुःख तेच आहे.

कृष्णाकाठ, असल्या चुकीच्या पत्त्याने झाड चुकतं का?

कृष्णाकाठ

झाड चुकत नाही, नकाशा चुकतो. अक्षरं रक्तातून वाचलेली असतात, ती खोटं बोलत नाहीत. पण फांदीच्या टोकाला जी पाटी लावायची, गाव आणि तारीख, ती तुमच्यासारख्याच्या हस्ताक्षरातून येते. चंदगडच्या फांदीला शहापूरची पाटी लागली तर बाण उलटा निघतो.

पाट्या किती मोघम असतात ते बघायचं असेल तर जेनबँक हा अक्षरांचा सार्वजनिक साठा उघडून बघा, कुणालाही बघता येतो. कित्येक नोंदींपुढे ठिकाण म्हणून नुसतं "इंडिया". फार तर राज्याचं नाव. खानापूर आणि रायचूर एकच!

एका चांगल्या पाटीने काय होतं तेही सांगतो. २००० साली पुणे जिल्ह्यात यवतला पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकनगुनियाचा विषाणू निघाला होता. नंतर अक्षरं वाचली तर तोही आफ्रिकी घराण्यातला. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी हे घराणं आपल्याकडे येऊन गेलं होतं. यवतहूनच २००६ ची साथ निघाली असा अर्थ काढू नका, तेवढं त्यावरून म्हणता येत नाही. पण डास पकडून त्यावर गाव आणि साल लिहून कुणीतरी जपून ठेवलं म्हणून एवढं तरी कळलं.

गोळीवाला

आणि इटली? तिथेही गेला होता ना, पेपरात वाचल्याचं आठवतं.

कृष्णाकाठ

होय, २००७ च्या उन्हाळ्यात. ईशान्य इटलीत कास्तिल्योने दि चेर्विया नावाचं खेडं. केरळहून गेलेला एक पाहुणा तिथे नातेवाइकाकडे आला आणि त्याला ताप भरला. अल्बोपिक्टस जुन्या टायरांच्या व्यापारातून इटलीत आधीच पोचलेला होता. दोनशेच्या वर माणसं आजारी. पाहुणा कुठून आला, केव्हा ताप आला, कुणाकडे उतरला, सगळं नीट विचारून लिहिलेलं होतं, म्हणून धागा लगेच लागला. तिथल्या विषाणूतही तो २२६ चा बदल होताच.

मलप्रभा

आता माझी अडचण ऐका, कारण इथं जाणकार दिसायलेत.

माणूस तापला की आमच्याकडे काय करतो? पहिल्या दिवशी काढा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात सुई आणि सलाईन. कुठली सुई ते विचारायचं नाही, पण दोन दिवस माणूस टुणटुणीत. परत सांधे धरले की मग आठव्या-नवव्या दिवशी सरकारी दवाखान्यात. तिथं रक्त घेतात, किट लावतात, "पॉझिटिव्ह" येतं. कृष्णाकाठ, त्या रक्तातून तुम्हाला ती अक्षरं मिळतात का?

कृष्णाकाठ

ताई, नाही मिळत. ते किट आयजीएम शोधतं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ती पाचव्या दिवसानंतर नीट दिसू लागतात आणि पुढे काही महिने राहतात. चोर येऊन गेला हे कळतं, चोर हाती लागत नाही. विषाणू स्वतः रक्तात पहिले पाच-सात दिवस, पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त. अक्षरं वाचायला तेव्हाचंच रक्त पाहिजे, आणि तेही थंड ठेवून पोचवलेलं. नमुने हजारो असतात, पण तिसऱ्या दिवसाच्या आतले, नीट पाटी लावलेले, हाताच्या बोटांवर.

म्हणून २०१० नंतर काय बदललं याचं चित्र दिल्लीसारख्या मोठ्या शहरांतून जास्त आलंय. तिथल्या नमुन्यांत २२६ चा बदल नाही, दुसरेच दोन सापडले. ई१ मध्ये २११ व्या जागी आणि आवरणातल्याच ई२ या दुसऱ्या प्रथिनात २६४ व्या जागी. प्रयोगात असं दिसलं की हे इजिप्तीला मानवणारे आहेत. शहरात इजिप्ती, म्हणून वही शहराच्या चालीवर सोपी झाली. आणि खानापूरसारखा तालुका, जिथे बाजारपेठेत बॅरल आहेत आणि कणकुंबी-जांबोटीकडे रान? घाट उतरलं की दोडामार्ग, तिथे तर रबराच्या बागाही झाल्यात. दोन्ही चाली एकाच तालुक्यात. मला तिथलं रक्त बघायला आवडेल, एवढंच म्हणतो.

डासोपंत

एवढं वाईट वाक्य इतक्या प्रेमाने म्हणणारा माणूस प्रथमच पाहिला.

टिळकवाडीचा भाडेकरू

रानाचं नाव निघालंय तर, माकडताप यातच येतो का? खानापूरकडे त्याची भीती असते.

मलप्रभा

नाही. तो गोचिडीचा, डासाचा नव्हे. रानात जाणाऱ्यांना. वेगळा विषय, वेगळा धागा काढा.

बार्शीकर

ज्यांना २००६ ला झाला त्यांना परत होतो का? माझ्या मेहुणीला २०२४ मध्ये पुण्यात झाला, नाक काळं पडलं होतं. तिला वाटतं दुसऱ्यांदा झाला.

कृष्णाकाठ

डेंग्यूचे चार प्रकार, एक होऊन गेला तरी बाकीचे तीन शिल्लक. चिकनगुनियाचं तसं नाही. घराणी वेगळी असली तरी एकदा होऊन गेलेला बहुतेकांना पुढे पुष्कळ वर्षं राखतो. दुसऱ्यांदा झाला म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे जुनेच सांधे परत बोलत असतात, किंवा दोनांतला एक ताप डेंग्यूचा असतो. नाकाची काळवंड या तापात दिसते खरी, पुण्याच्या त्या साथीत बरीच दिसली. मेहुणीबाईंचं नेमकं काय ते डॉक्टरच सांगतील.

म्हणूनच साथ एकदा मोठी येऊन गेली की काही वर्षं शांतता असते. २००६ नंतर जन्मलेली पोरं आता वीस वर्षांची होत आली. त्यांच्या रक्तात ती राखण नाही.

शहापूरचा बापू

वही स्कॅन करून ठेवतोय. त्यात चारशे सहा नोंदी निघाल्या. त्यांतल्या एकतीस नोंदींपुढे पेन्सिलीने "खरं गाव" लिहिलंय. मला वाटत होतं एकच असेल. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, एक सावंतवाडी. आणि तीन बीडचे, गुऱ्हाळावर राहिलेले.

मलप्रभा

बापू, ते बीडचे वाचून आज मी एक केलं.

आमच्या गावाबाहेर ऊसतोडीच्या खोपी पडल्यात. दोन दिवसांपासून तिथं तिघांना ताप, मनगटं सुजलेली. नेहमीसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबले नाही, सिस्टरांना घेऊन गेले, दुसऱ्याच दिवशी रक्त घेतलं, बर्फात घालून पाठवलं. फॉर्मवर पत्त्याचा एकच चौकोन. त्यात आधार कार्डावरचं गाव लिहितात. मी विचारलं, गेले पंधरा दिवस कुठं कुठं झोपलासा? बाई सांगायला लागली, आधी निपाणीच्या अलीकडे एक फड, मग संकेश्वर, मग इथं. चौकोनात कुठलं मावतंय? कागद उलटा केला आणि मागं सगळं लिहिलं, तारखांसकट.

डासोपंत

कुठल्या भाषेत?

मलप्रभा

कन्नडमध्ये. सिस्टर म्हणाल्या, पेन्सिलीनं नको, पेनानं लिही.